मी पाणाड्या नव्हतो

मिरजगावच्या पुढं हमरस्ता सोडून आत वळलं की साळवे वस्ती लागते. तिथं मला अजून ‘पानाडेसाहेब’ म्हणतात. माझं नाव रफिक शेख, राहणार नगर. हल्ली अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतोय. आयुष्यभर मी जमिनीवरचं मोजलं. जमिनीच्या पोटातलं मला काही कळत नाही आणि कळतं असा दावा मी कधी केलेला नाही. उलट, ते कळत नाही हे भर गावासमोर शाबीत करून दाखवणारा जिल्ह्यातला मी एकटाच मोजणीवाला असेन. तरी नाव पडलं ते पडलंच.

आमचा धंदा आधी सांगतो. सरकारी मोजणीवाले वेगळे. ते शेताच्या हद्दी मोजतात आणि दोन सख्खे भाऊ एकाच वेळी त्यांच्यावर चिडतात. आम्ही खासगी. माळीवाड्यात दीक्षितसाहेबांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथं मी नोकरीला. कुठं पाण्याची पाइपलाइन न्यायची असेल, नाल्यावर बांध घालायचे असतील, तर आधी त्या भागाचे चढउतार मोजून नकाशा लागतो. तो आम्ही करून द्यायचो. हत्यारं म्हणजे साखळी, टेप, तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण आणि बबन. बबन म्हणजे आमचा साखळी धरणारा माणूस, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा जास्त बोलणारा. मोजणीत कुणी शेतकरी भांडायला आला की मी दुर्बिणीत डोळा घालून बसायचो आणि बबन भांडण मिटवायचा. तसं पाहिलं तर निम्मी मोजणी त्यानंच केली.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. दीक्षितसाहेबांच्या मेहुण्यानं परदेशातून एक यंत्र आणलं. विटेएवढं जाडजूड, वर छोटा पडदा, पोटात चार सेल. जीपीएस. आज हे सगळं प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये असतं आणि कुणी त्याच्याकडं कौतुकानं बघतसुद्धा नाही. पण त्या वेळी साहेबांनी ते यंत्र टेबलावर ठेवलं तेव्हा आम्ही सगळे चपला बाहेर काढून आत आलो होतो.

ते कसं चालतं ते मला साहेबांनी समजावलं आणि मी बबनला. आकाशात पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह आहेत. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत राहतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. आपल्या हातातलं यंत्र निदान चौघांचं ऐकतं. कुणाचं बोलणं पोचायला किती वेळ लागला ते बघतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही. “मंजी घरजावई,” बबन म्हणाला. मी ती उपमा पुढं अनेकांना वापरली.

पण त्यात एक मेख होती. ते उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. शत्रूला नेमकी जागा कळू नये म्हणून त्यांनी उपग्रहांच्या बोलण्यात मुद्दाम चूक मिसळलेली होती. त्यांचा शत्रू कोण ते मला ठाऊक नाही, पण फटका बसायचा मला आणि बबनला. आम्ही एका जागी खांबासारखे उभे असलो तरी यंत्राच्या मते आम्ही भटकत असायचो. आत्ता बांधावर, थोड्या वेळानं ओढ्यात, मग शेजाऱ्याच्या उसात. यावर उपाय एकच. मोकळं आकाश असलेली उंच जागा बघायची, तिथं तासभर हलायचं नाही, आकडे उतरवत राहायचे आणि त्यांची सरासरी काढायची. मग त्या जागेवर दगड रोवून चुन्याची फुली मारायची, आणि बाकीची मोजणी त्या दगडापासून आपली साखळीनं आणि दुर्बिणीनं. थोडक्यात, आकाशातून मदत आली तरी साखळी ओढायची ती ओढायचीच.

साहेबांचा मात्र यंत्रावर फार जीव. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाणीयोजनेसाठी गेलो होतो. सकाळी निघताना साहेबांनी मुक्कामाची जागा यंत्रात भरून ठेवली. दुपारी परत फिरायच्या वेळी असं धुकं उतरलं की बबनला माझा आवाज येई पण मी दिसत नसे. साहेब खूश झाले. “आता बघा गंमत,” म्हणाले आणि यंत्रावरचा बाण दाखवेल तिकडं चालू लागले. बाण अगदी बरोबर होता. फक्त तो सरळ उडत जाणाऱ्या कावळ्यासाठी होता. धुकं जरा विरलं तेव्हा आम्ही एका दरीच्या कडेला उभे होतो आणि पलीकडच्या अंगाला आमचा तंबू, चूल, आणि आमची वाट बघत बसलेला आचारी अगदी समोरासमोर दिसत होता. त्यानं आम्हाला हात केला. आम्हीही केला. दरीला वळसा घालून पोचलो तोवर भात गार झाला होता. साहेब जेवताना एवढंच म्हणाले की दिशा चुकली नव्हती.

आता साळवे वस्तीचं सांगतो. त्या भागात पाणलोटाचं काम निघालं होतं आणि नकाशा आमच्याकडं होता. पहिल्या दगडासाठी मी वस्तीच्या वरच्या अंगाचा एक कोपरा निवडला. उंच, उघडा, जवळपास झाड नाही. शेत नामदेव साळवे यांचं. कोपरा त्यांच्या घराच्या दाराला लागूनच होता. नामदेवराव कमी बोलणारे, कारभार सगळा त्यांच्या बायकोचा, भिमाबाईचा. तिला विचारलं तर “उबं ऱ्हायाला काय लागतंय, ऱ्हावा की,” म्हणाली आणि कामाला गेली.

मी यंत्र तळहातावर आडवं धरलं, कारण ते तसंच धरायचं असतं, आणि उभा राहिलो. मधूनमधून आकाशाकडं बघत होतो, कारण ऊन फार होतं आणि एखादा ढग येईल अशी आशा होती. सुरुवातीला, जागा पक्की होईपर्यंत, यंत्रानं उपग्रह सोडला की मी दोन पावलं सरकायचो, पुन्हा पकडला की थांबायचो. तास झाला. दगड रोवला, फुली मारली. आणि मग बबननं पिशवीतून नारळ काढला. कुठलंही नवं काम सुरू झालं की पहिल्या दगडावर बबन नारळ फोडायचा. ती त्याची रीतच होती. साहेबांनी, मी, कुणी कधी हरकत घेतली नव्हती. खोबरं सगळ्यांना वाटलं, माझ्या वाटणीचं मी गुळाबरोबर खाल्लं आणि आम्ही पुढच्या गावाला गेलो.

ज्यांना पाणाड्या माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहीर कुठं खणायची ते सांगणारा माणूस म्हणजे पाणाड्या. आमच्याकडं तो बहुतेक वेळा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. तो थांबतो, मागं-पुढं सरकतो, वर बघतो, शेवटी दगड ठेवतो. आता मी त्या कोपऱ्यात काय केलं ते पुन्हा आठवून बघा. मला त्या वेळी हे सुचलं नाही. सुचायला मला बाहेरून कुणीतरी बघायला हवं होतं, आणि बघत होतं ते सगळं गाव.

पंधरवड्यानं आम्ही पुढच्या मोजणीला परत आलो तर माझा दगड जागेवर नव्हता. दगडाच्या जागी खड्डा होता, चांगला पुरुषभर खोल. आत नामदेवराव आणि त्यांचा भाऊ कुदळ मारत होते. काठावर भिमाबाई घमेली उपसत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

“या शेखसाहेब. तुमच्याच खुनेवर धरलीय बगा हीर.”

दगड गेला म्हणून साहेब बोलणार हे तर होतंच, पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. ती मला बबननं बाजूला घेऊन सांगितली. साळव्यांना सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली होती. अशी विहीर एका कुटुंबाला एकदाच. कोरडी गेली तर दुसरी नाही. भूजलाच्या खात्यातला एक तरुण साहेब येऊन, जमिनीत सळया रोवून, खालच्या नाल्याजवळची जागा सांगून गेला होता. कागदावर तीच जागा होती. पण पाणी लागल्यावर कागद कोण बघतंय, असं वस्तीचं मत पडलं आणि सगळे माझ्या फुलीवर आले. तो कोपरा सगळ्या शेतात उंच, एक थर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथं पाणी लागायचं काही कारणच नव्हतं.

मी भिमाबाईला म्हणालो, “ताई, हे यंत्र पाणी दाखवत नाही. आपण कुठं उभे आहोत तेवढंच दाखवतं.”

ती हसली. “आपन कुठं उबे हाय ते बगायला कोन तासभर उनात उबं ऱ्हातं व्हय?”

मी यंत्राचा पडदा तिच्यापुढं धरला, तिनं तो बघितलाही नाही.

तेवढ्यात शेजारचे आबा आले. म्हातारा माणूस, गावातल्या जुन्या पाणाड्याचा पुतण्या. ते म्हणाले, “यंत्राचं मला काय ठाव न्हाई. पन नारळ फुटला, दोन बकलं सारकी झाली. पानी लागनार.”

भिमाबाई त्यांच्यावर उखडली. “आबा, आमच्यात नारळ-बिरळ न्हाई. आमी पानाड्या मानत न्हाई, देवरशी मानत न्हाई. हे सायन्स हाय. आकाशातून बघून सांगतंय ते.”

मी बबनकडं बघितलं. आबा नारळावर विश्वास ठेवून खड्ड्याच्या बाजूचे, भिमाबाई विज्ञानावर विश्वास ठेवून खड्ड्याच्या बाजूची, आणि मधे मी, दोन्हींचा भोंदू. नारळवाला भोंदू असतो तर बाईनं मला केव्हाच हाकलून दिलं असतं. मी विज्ञानवाला होतो म्हणून अडकलो.

मी पुन्हा समजवायला गेलो. उपग्रह सांगितले, वेळ सांगितली, घरजावयाची उपमासुद्धा सांगितली. भिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग घमेलं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “शेखसाहेब, मी लगीन होऊन या गावात आले तवापासून दुसऱ्याच्या हिरीवर उबी ऱ्हायले. कुनी वतील तवा घागर भरायची. सासूचं आयुक्श त्यात गेलं. माजं बी बरंच गेलं. आता सुना येतील. मला हीर दारात पायजे. नाल्याकडली जागा लांब हाय. तो सायेब घाईघाईत आला आन गेला. तुमी तासभर दारात उबे ऱ्हायले. आता तुमी म्हनता न्हाई. खरं सांगा, कुनी तुमाला काय बोललं का?”

मला राग यायला हवा होता, आला नाही. वाईट फार वाटलं. तिला पाणी दारात हवं होतं आणि माझ्या फुलीनं तिला वाटलं की ते दारातच आहे. आता तीच फुली मी पुसत होतो.

“कुणी काही बोललं नाही,” मी म्हणालो. “तुम्ही म्हणाल तशी खात्री करून देतो.”

“मंग परीक्षा घ्या त्याची,” ती म्हणाली. विज्ञान मानणारी बाई, दुसरं काय म्हणणार.

परीक्षा तिनंच ठरवली. अंगणात पाच घमेली पालथी मांडली. मला आणि बबनला घराच्या मागं पाठवलं. एका घमेल्याखाली पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. यंत्रानं तो शोधायचा. तोवर बातमी गावात गेली होती. माणसं चावडीवरून उठून आली, बाया पोरं कडेवर घेऊन आल्या, एकानं सायकलवरून उतरायचीही तसदी घेतली नाही.

मी यंत्र तळहातावर धरून पहिल्या घमेल्यापाशी उभा राहिलो. मी आधीच सांगितलंय की यंत्राचे आकडे एका जागी उभं राहिलं तरी बदलतात. ते बदलले. माझ्या खांद्यावरून वाकून बघणारा एक जण म्हणाला, “हाललं हाललं.” दुसऱ्या घमेल्यापाशीही हाललं. तिसऱ्यापाशीही. गर्दीत दोन तट पडले, एक दुसऱ्या घमेल्याचा आणि एक तिसऱ्याचा. मी सांगत होतो की ते कुठंही हालतं, आणि जितकं सांगत होतो तितकी लोकांची खात्री वाढत होती. चौथ्या घमेल्यापाशी पोचेस्तोवर माणसं माझ्याभोवती इतकी दाटली, यंत्रावर इतकी डोकी वाकली की आकाशच झाकलं गेलं. यंत्राचे उपग्रह सुटले आणि ते ‘पीं’ करून ओरडलं. सुटले की ते ओरडायचं, तशी सोयच होती त्यात.

आबांनी टोपी नीट केली.

“ह्येच,” सायकलवाला म्हणाला.

भिमाबाई पुढं आली. तिनं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः वाकली आणि चौथं घमेलं उचललं. खाली कोरडी माती. मग ती पहिल्या घमेल्याकडं गेली, ते उचललं आणि खालचा भरलेला तांब्या हातात घेतला. ती घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसली. लोक पांगायला लागले. जाताजाता कुणीतरी म्हणालं की सायबाचं यंत्र बिघडलंय. मी नगरातला बरा मोजणीवाला समजला जायचो. त्या दुपारी माझी पुरती शोभा झाली आणि गंमत म्हणजे आयुष्यात कुठलंही काम इतकं मनासारखं झाल्याचं मला आठवत नाही.

नामदेवराव खड्ड्यातून वर आले. त्या दोन भेटींत मी त्यांचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते बायकोला म्हणाले, “उद्या नाल्याकडं धरू.”

भिमाबाईनं मान हलवली. मग मला म्हणाली, “च्या घेऊन जावा.” चहा गोड होता, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

ऑफिसात दीक्षितसाहेबांनी दगडाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. दगड गेल्यामुळं ते रागावले, आणि यंत्र परीक्षेत नापास झालं म्हणून जास्त रागावले. “पाणी शोधणं त्याचं कामच नव्हे, तर नापास कसं म्हणता?” असं ते आठवडाभर म्हणत होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर नाल्याकडच्या विहिरीला पाणी लागलं. चांगलं लागलं. बातमी मला मिरजगावच्या बाजारात एका अनोळखी माणसानं दिली, आणि ती देतानाच माझ्या नावाची नवी कथाही ऐकवली. त्या कथेप्रमाणे शेखसाहेबाच्या यंत्राला खरी जागा पहिल्यापासून ठाऊक होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधी खणू नये म्हणून साहेबानं मुद्दाम वर उभं राहून सगळ्यांना चकवलं, घमेल्यांचं सोंग केलं, आणि जाताना नामदेवच्या कानात नाल्याचं नाव सांगितलं. खोटं बोललो असतो तर कदाचित लोकांनी मला पकडलं असतं. खरं बोललो, तर माझी कीर्ती चार तालुक्यांत गेली.

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. विहिरीवाले तर होतेच. संगमनेरकडचा एक गृहस्थ हरवलेली म्हैस शोधून द्या म्हणून घरी आला. म्हशीच्या अंगावर असं यंत्र असतं तर शोधता आली असती, असं मी त्याला म्हणालो. त्याला तो विनोद वाटला, मलाही तेव्हा विनोदच वाटला होता. हल्ली जनावरांच्या गळ्यात खरोखर तसले पट्टे बांधतात असं ऐकतो. आणखी एकानं विचारलं, चुलतभावानं बांध कोरलाय ते वरून दिसत असेल ना? माझी बायको म्हणायची की बाहेर पाटी लावा, आत फक्त जमिनीवरचं मोजून मिळेल.

दोन हजार साली अमेरिकेनं ती मुद्दामची चूक काढून टाकली. एका सकाळी यंत्र सुरू केलं तर आकडे जवळजवळ जागच्या जागी. तासभर उभं राहायची गरज संपली. मला आनंद झाला, आणि थोडी रुखरुखही लागली. उन्हात उभं राहिलं की माणसं जवळ यायची, पाणी विचारायची, तुम्ही कुणाचे कोण म्हणून चौकशी करायची. आता सावेडीत माझ्या घरी सामान आणणारा पोरगा फोनकडं बघत थेट फाटकाशी येतो आणि फोनकडं बघतच परत जातो. तो वाट चुकत नाही हे चांगलंच आहे. पण माळीवाड्यातून निघून एखाद्या आडगावी पोचेपर्यंत मी आणि बबन दहा जणांना रस्ता विचारायचो आणि त्यातल्या निम्म्यांकडं चहा व्हायचा. तो चहा गेला.

त्या परीक्षेनंतर वर्षभरानं पाणलोटाच्या बांधांची पाहणी करायला आम्ही पुन्हा साळवे वस्तीवर गेलो. मला जरा धाकधूकच होती. मधे एकदा, विहीर लागल्यावर, नामदेवरावांचा निरोप आला होता म्हणून मी आणि बबन दुर्बीण घेऊन गेलो होतो आणि नाल्यापासून घरापर्यंत पाणी किती उंच चढवावं लागेल ते मोजून दिलं होतं. पण त्या दिवशी भिमाबाई बाजाराला गेली होती. त्यानंतर तिथं काय झालं ते मला माहीत नव्हतं.

जीप थांबली तेव्हा नाल्याकडून इंजिनाचा फटफट आवाज येत होता. भिमाबाई दारातच होती. तिनं मला आत बोलावलं नाही, कोपऱ्याकडं नेलं. मी खणायला लावलेला, म्हणजे न सांगता लावलेला, तो पुरुषभर खड्डा त्यांनी बुजवला नव्हता. आतून दगड रचून, सिमेंट फासून त्याचा हौद केला होता. नाल्यापासून आलेला पाइप त्यात पडत होता आणि हौद काठोकाठ भरत आला होता. नवी सून काठावर बसून घागर घासत होती. तिला कुणाची वाट बघायची नव्हती.

भिमाबाईनं तांब्या बुडवला, भरला आणि माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यालो.

“मंग, शेखसाहेब,” ती म्हणाली, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही. “यंत्र हितंच लावलं हुतं नव्हं? सांगा आता, हितं पानी हाय का न्हाई?”

पाच घमेली, पाऊणशे माणसं आणि माझी सगळी अब्रू खर्ची घालून मी जे शाबीत केलं होतं, ते मी त्या हौदाच्या काठावर गिळून टाकलं.

“हाय,” मी म्हणालो.

“मंग नकाशात लिवा तसं,” ती म्हणाली, आणि तांब्या पुन्हा भरून बबनला दिला.